पुसलेला दिवा

कळमनुरी, मंगळवार, संध्याकाळ

इंजिनाची खडखड ओळखणाऱ्या सेन्सरची वायर तपासायला मेकॅनिकने तिला मीटर जोडून पान्याने इंजिनावर ठोकलं. मीटरचा काटा हलायला हवा होता. हलला नाही, मी स्वतः पाहिलं. आणि या दिवट्याने काय केलं? कॉम्प्युटर लावून समोरचा बिघाडाचा पिवळा दिवा तेवढा पुसला! "दिवा गेला ना बाई? गाडी बराबर झाली." आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

परतताना चढावर तीच खडखड. दिवा मात्र गप्प. इंजिन रस्त्यात कुठे बंद पडेल, कोणी सांगावं? उद्या अनिल याच गाडीने दिवस भरलेल्या सूनबाईला नांदेडला नेणार. म्हणतो, "आई, दिवाच न्हाई, मग काहून भांडून राहिली?"

किल्ली मी तांदळाच्या डब्यात पुरली आहे. दुसरी त्याच्या खिशात आहे.