बाजरीची ओटी

आई, आज तुझ्याशी भांडायचं आहे. भांडायचं की विचारायचं, ते माझं मलाच कळत नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले, तरी एक गोष्ट डोक्यात अजून तशीच अडकून बसली आहे. तू होतीस तेव्हा विचारली एकदा, तर तू मला असं फटकारलंस की पुन्हा तोंड उघडायची छाती झाली नाही.

आपण मारवाडात गेलो होतो ते आठवतं ना? अण्णांना रेल्वेचा पास मिळायचा आणि दर वर्षी तो नाशिकला नाहीतर मिरजेला वाया जायचा, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवाळीत त्यांनी जाहीर केलं, रूळ संपतात तिथपर्यंत जायचं. तू म्हणालीस, "अहो, वाळू बघायला एवढ्या लांब कशाला? जुहूला काय कमी आहे?" आत्या हसून हसून दमली. तिला यायचं होतं गं, पण घर कोण बघणार, आजोबांचं पथ्य कोण सांभाळणार, असं म्हणत तीच मागे राहिली. आपल्या दशम्या तिने लाटल्या, फिरकीचा तांब्या तिने घासून दिला आणि अंधेरीच्या त्या दोन खोल्यांच्या दारात पांढऱ्या लुगड्यात उभी राहून तिने आपल्याला निरोप दिला.

पोकरणला रूळ संपले. पुढे जैसलमेरला जाणारी मोटार म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, आणि ती वाटेत वाळूत रुतली. पुरुष ढकलायला उतरले, बायका चालू लागल्या, आणि तेवढ्यात मागून मराठी ऐकू आलं, "अरे, चप्पल राहिली माझी!" तू गर्रकन वळलीस. मुलुंडच्या बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ. असल्या ओसाड रानात मुलुंडचं माणूस भेटावं, म्हणजे तुला माहेर भेटल्यासारखं झालं. मोटार निघेपर्यंत तुम्ही दोघी एकमेकींच्या सासरपर्यंत पोचला होतात. यजमान का नाही आले, असं तू विचारलंस, तर त्या म्हणाल्या, "त्यांना नाही जमलं." त्यांच्या कपाळावर चांगलं ठसठशीत कुंकू होतं. पुढे कोण कशाला विचारतंय?

ते चार-पाच दिवस, आई, तू कोण होतीस? मी तुला तशी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. धर्मशाळेत तुम्ही दोघींनी एकच चूल मांडली. किल्ल्याच्या पिवळ्या दगडांवर पाय सोडून शेंगा खात बसायचात. उंटावर चढायची वेळ आली तेव्हा तू नऊवारीचा काष्टा खोचून टांग टाकून बसलीस सुद्धा, आणि बाई पाचवारीत एका बाजूला बसून सारख्या घसरत होत्या. "वहिनी, धरा हो मला!" त्या ओरडायच्या आणि तू खो खो हसत म्हणायचीस, "नेसा अजून पाचवारी!" चहूकडे नुसती वाळू, तिच्यावर वाऱ्याने काढलेल्या रेघा, सावलीला झाड नाही. मला तर रडू येत होतं. आणि तू त्या वाळूच्या टेकडीवरून लहान पोरीसारखी घसरत खाली आलीस. अण्णा बघतच राहिले. "तुझी आई बिघडली," ते मला म्हणाले, पण खूश होते.

निघायच्या सकाळी तू म्हणालीस, सवाष्ण अशी रिकामी पाठवायची नाही. तांदूळ संपले होते, नारळ तिथे मिळेना. म्हणून बाजरी घेतलीस, अण्णांच्या पानाच्या डब्यातली सुपारी घेतलीस, आणि स्वतःसाठी आणलेला खण काढलास. बाईंना पाटाऐवजी घोंगडीवर बसवलंस. बाजरीची ओंजळ पुढे केलीस, तर त्यांनी पदर मागे ओढला. "नको वहिनी. माझे यजमान वारलेत. घरी मी कुंकू लावत नाही. प्रवासात लोक फार चौकशा करतात, म्हणून लावलं. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण तुम्ही इतक्या मोकळेपणी बोललात की धीर झाला नाही." त्यांचा भाऊ खाली मान घालून उभा. अण्णा खाकरले. तुझी ओंजळ तशीच हवेत. मला वाटलं, आता ही चिडणार. आणि तू म्हणालीस, "पदर पसरा बघू. बाजरी सांडतेय." भरलीस ओटी. कुंकवाचं बोटही लावलंस. त्या हुंदके देऊन रडल्या आणि तूही रडलीस. मला त्या वयात फारसं काही कळलं नाही, पण माझी आई फार मोठी आहे एवढं कळलं.

मग संक्रांत आली. आपल्याकडे हळदीकुंकू, बाहेरच्या खोलीत सगळ्या बिल्डिंगच्या बायका. आत्या नेहमीप्रमाणे आत, तिळगूळ वळत. आणि मुलुंडच्या बाई आल्या, न कळवता, हातात हलव्याची पुडी घेऊन. कपाळ मोकळं. तू "या, या" म्हणालीस, जरा जास्तच मोठ्याने, आणि दंडाला धरून त्यांना थेट स्वयंपाकघरात नेऊन आत्याशेजारी बसवलंस. बाहेर एकेकीची ओटी भरली जात होती. त्यांना तू वाण दिलंस ते पिशवीत घालून, हातात. आत्याशी मात्र त्यांचं झकास जमलं. "रात्री वाळू गार पडते म्हणतात, खरं का हो?" आत्या विचारत होती. नंतरही त्या येत राहिल्या, पण आत्याकडे. तुझ्याशी बोलायच्या, हसायच्या, पण ते उंटावरचं काही राहिलं नाही. तुला ते लागलं होतं ना? मला दिसायचं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तिथे त्यांची ओटी भरलीस, मग इथे का नाही? आणि आत्याची तर कधीच नाही!" तू तांदूळ निवडत होतीस. "तिथे आपल्याला कोण ओळखत होतं? इथे उद्या तुझं लग्न करायचंय मला. पुन्हा हा विषय काढलास तर थोबाडीत देईन." आत्या तिथेच पाटा-वरवंट्यावर वाटत होती. तिने वर बघितलं नाही. नुसतं म्हणाली, "वहिनी, मीठ किती घालू?"

तेव्हापासून माझा घोळ झालाय. कधी वाटतं, कोणी बघत नसताना केलंस तेच तुझं खरं. कधी वाटतं, छे! कोणी बघत नसताना तर कोणीही शूर असतं. गंमत बघ, ज्यांच्या भीतीने तू हे केलंस त्या बायकांपैकी एकीनेही माझं लग्न जमवलं नाही. आत्या गेली तेव्हा तू तिच्या कपाळाकडे कितीतरी वेळ बघत बसली होतीस. काय चाललं होतं तुझ्या मनात? सांगितलं असतंस तर बरं झालं असतं गं. मला राग येतो तुझा, आणि तो पुरता येतही नाही.

हे सगळं आज का उकरून काढलं? गेल्या श्रावणात माझे हे गेले. काल सूनबाई म्हणाली, "आई, ह्या संक्रांतीला पहिली ओटी तुमची. सगळ्यांसमोर." मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "म्हणू दे ना!" मी म्हटलं, "बघू." बिचारीला वाटलं, मला नको आहे. सकाळपासून तिने तो विषय काढलेला नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. नको नाहीये गं मला. मला हवी आहे ती ओटी. सूनबाईने अजून एकदा विचारावं म्हणून मी सकाळपासून उगाचच तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात घुटमळते आहे.