निवडुंगाचे वैरी

सोलापूर, ता. ४ डिसेंबर १९२७

रा. रा. सिद्रामप्पा, मुक्काम मैंदर्गी, यांस वेणीमाधवचा सप्रेम नमस्कार.

आपण, मातोश्री काशम्मा व मुलेबाळे खुशाल असाल. रानाची खुशाली विचारायची सोय निवडुंगाने ठेवलेली नाही. ("पाय ठिवाय जागा न्हाय की," हे तुमचे शब्द मला बोटीवर रोज आठवत.)

शेतकी खात्याच्या साहेबांबरोबर मी निवडुंग खाणारे किडे आणायला सिलोनला गेलो, हे तुम्हांस ठाऊक आहेच. तिथे दीड महिना आम्ही आजारी निवडुंग शोधत हिंडलो. इकडे तो मरत नाही म्हणून रडायचे आणि तिकडे तो धडधाकट दिसला की तोंड पाडायचे, अशी आमची नोकरी. शेवटी एका देवळामागे पांढरी बुरशी धरलेली जाळी सापडली. ती बुरशी म्हणजेच किडे. तसले फड, म्हणजे निवडुंगाची जाड पाने, पेटीत भरून मी आगगाडीत मांडीवर घेऊन आलो. रविवारी कचेरी बंद, म्हणून पेटी घरी नेली आणि इथेच चुकलो.

समुद्र ओलांडून आलेल्याला आमच्याकडे पंचगव्याशिवाय उंबरा नाही. मी ते मुकाट्याने प्यालो (बोटीवरच्या चहापेक्षा बरे होते) आणि अंघोळीला गेलो. तेवढ्यात आईने पेटीचेही शुद्धीकरण उरकले. घंगाळात कढत पाणी घेऊन एकेक फड नारळाच्या शेंडीने घासला. पाणी लालभडक झाले. तिला वाटले, लेकाचे पाप उतरते आहे. म्हणून आणखी दोन तांबे ओतले. मी आलो तेव्हा फड लख्ख होते आणि किडा एकही जिवंत नव्हता.

तो लाल रंग किड्यांचा, आणि त्यांच्यावर तुमचे रान अवलंबून होते, हे सांगितल्यावर आईने हातातली नारळाची शेंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे तुझं पाप धुताना इतके जीव माझ्या माथी आले की." तेव्हापासून ती एकभुक्त आहे. सिद्रामप्पा, मला फार वाईट वाटते, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. तिने केले ते मायेनेच केले. दोष कोणाला द्यावा, ते मला अजून कळलेले नाही.

आपला,
वेणीमाधव

ता. क. साहेब मला पुन्हा धाडायला तयार आहेत. आईला विचारायची माझी छाती नाही. एकदा येऊन रानाची हकीकत तुमच्या तोंडाने तिला सांगाल का? पत्र खरे तर त्यासाठीच.

आणखी ता. क. येण्याची तसदी घेऊ नये. पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचून घेतले. म्हणाली, "जा परत. पण किडे आधी त्यांच्या रानात सोड, मग माझ्या दारात ये. पाप काय, तोवर थांबेल."