खाणीचं चित्र कुणाचं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी अकराच्या सुमारास माझ्या चित्राखाली सरांची सही पाहिली आणि तिथंच सगळं फिरलं. हे लिहून ठेवतोय, कारण राग उतरला तर मीच म्हणेन, एवढं काय झालं.

तर झालं ते असं. सरांच्या प्रदर्शनाच्या पुस्तकाची कच्ची छपाई मुंबईहून आली. पन्नास वर्षांची चित्रं नि व्यंगचित्रं. सर खुर्चीत, उजवा हात नेहमीसारखा मांडीखाली दाबलेला. म्हणाले, 'ओंकार, पानं उलट रे.' उलटत गेलो. शेवटी शेवटी एका पानावर खाण. खालापूरकडची. अर्धा कापलेला डोंगर, पिवळा आणि काळा. माझा. आणि उजव्या कोपऱ्यात सरांची ती शेपटीवाली सही.

पेपरातलं शनिवारचं व्यंगचित्र मी काढतो आणि नाव सरांचं जातं, हे ठरलेलं आहे. त्यांचा हात थरथरतो. कल्पना त्यांची, शाई माझी. चौदा महिने. पैसे वेळेवर मिळतात, तक्रार नाही. पण खाण मला कुणी काढायला सांगितली नव्हती. तीन महिने दर रविवारी बाइक काढून मी त्या धुरळ्यात बसलोय. साला खोकला अजून जात नाही.

'सर, हे?'

सर म्हणाले, 'छपाईत पिवळा जरा हिरवट आलाय.'

केतकी शेजारीच होती. सरांची नात, शनिवारचं चित्र पाठवणं सोडलं तर सगळे मेल, फोन, कागद तीच बघते. तिनं मान वर केली नाही.

पुस्तक ठेवलं. आपटलं म्हणा. सरांच्या घरून, कळंबवरून, कर्जतला घरी येईपर्यंत बाइक तिसऱ्याच गिअरमध्ये होती, लक्षातच नाही.


बुधवार, ५ नोव्हें.

गेलो नाही. के. चे चार फोन. उचलले नाहीत. पाचवा येतो का बघत बसलो, नाही आला.

खरं काय ते इथं तरी लिहावं. खाणीचं चित्र झालं की तिला आधी दाखवायचं आणि मग बोलायचं, असं मी ठरवलं होतं. बोलायचं म्हणजे काय ते. सरांच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, वाळेपर्यंत. आतून वाटत होतं, हे बघितल्यावर मला तोंड उघडावंच लागणार नाही.

आता झक मारली.

पप्पा जेवताना म्हणाले, "कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलंस. आता सरांना सोडलंस. पुढचा नंबर कुणाचा, माझा का?"


शुक्रवार, ७ नोव्हें.

दोन दिवस पप्पांच्या दुकानात. झेरॉक्स, लॅमिनेशन, फ्लेक्स. आज एका युवा नेत्याचा वाढदिवसाचा बॅनर. फोटोत हनुवटी कापली गेली होती. पप्पा म्हणाले, तू चित्रकार ना, जोड.

जोडली. सरांनी डोक्यात घालून ठेवलंय ना, माणूस जे लपवतो तिथून सुरू करायचं. हा दाढीत दुसरी हनुवटी लपवतो. मी मुद्दाम काही केलं नाही, आईशप्पथ. हात तिकडं गेला. पण दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर ती हनुवटी अशी लोंबायला लागली की...

नेता आला, पाहिलं, मागं झाला, परत पाहिलं. "ओ काका, ह्यो मी हाय का माझी मावशी हाय?"

त्याच्याबरोबरची पोरं हसली. त्यातल्या एकाला त्यानं तिथंच लाफा दिला. पप्पांनी दुसरा फ्लेक्स फुकट काढून दिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "तुला साधं माणूस काढता येत नाही का रे? आहे तसं?"

नाही येत. चौदा महिन्यांपूर्वी येत होतं.


रविवार, ९ नोव्हें.

ब्रश आणायला कळंबला गेलो. माझे ब्रश, माझ्या पैशाचे. मुद्दाम दुपारी, सर झोपलेले असतात. के. कर्जतला गेली होती. घरात फक्त जाईबाई. ठाकूरवाडीवरून येते, स्वयंपाक आणि सरांचं सगळं तिच्याकडे.

"आरं, कुठं व्हतास? बाबा रोज इचारत्यात, पोरगा आला का पोरगा आला का."

म्हटलं, सही करायला चित्रं संपली असतील.

ती पेल्यात प्लास्टिकची नळी घालत होती. सरांना आता कप धरवत नाही. "दोन बोटं ठरत नाय बग त्यांची. काल घास नाकाला लागला. मी बगितलं नाय असं क्येलं."

माझं डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं, सही तेवढी बरी झोकात होते.

"सही? ती तं ताई करते. दोन वर्सं झाली." मग माझ्याकडं बघून, "आगं बया. तुला ठावं नाय?"

ब्रश तिथंच राहिले.


त्याच दिवशी, संध्याकाळी

मी स्वतःला रेघ वाचणारा समजतो. माणसाचा हात बघून सांगतो, घाईत काढलंय का भीतीनं. आणि ज्याला पाण्याचा पेला धरता येत नाही त्याची सही सुतासारखी येते, हे मला चौदा महिने दिसलं नाही. वर मीच एकदा के. ला म्हटलं होतं, सरांचं आता सगळं गेलं, पण त्या सहीत अजून जीव आहे.

ती हसली होती. मी ते हसू घरी घेऊन आलो होतो, च्यायला.


सोमवार, १० नोव्हें.

के. दुकानात आली. पप्पा काउंटरवर. दोन कॉलेजची पोरं नोट्सची झेरॉक्स काढत होती.

'फोन का उचलत नाहीस?'

'सही तू केलीस.'

'हो.'

'माझ्या चित्रावर.'

'मला ते आजोबांचं वाटलं.'

मी काहीतरी बोललो, आठवत नाही. तीच म्हणाली, 'पडवीत त्यांच्या जुन्या कॅनव्हासमध्ये होतं. मागं नाव नाही, तारीख नाही. सही राहून गेली असेल असं वाटलं. जुन्यांपैकी दहा-बारांवर मीच केलीये.'

'चौदा महिने माझ्या शेजारी बसतेस तू. रोज मी काढताना बघतेस.'

'म्हणूनच,' म्हणाली. 'रोज तू त्यांच्यासारखंच काढतोस.'

एवढं साधं बोलली. चिडून बोलली असती तर बरं झालं असतं.

'ओंकार, चूक झाली. ते पान काढून टाकायला सांगते.'

'काढू नकोस. नाव बदल.'

'आजोबांच्या पुस्तकात तुझं चित्र कसं ठेवू? आणि ठेवलं तर लोक विचारणार नाहीत, आणखी कोणकोणती तुझी? मग शनिवारची? मग माझी सही? सगळंच उघडं पडेल. प्रदर्शन पंधरा दिवसांवर आलंय, त्यांना झेपेल का हे?'

'मग माझं काय?'

पप्पा म्हणाले, "मॅडम, चहा सांगू का?" मला त्या क्षणी पप्पांचासुद्धा गळा धरावासा वाटला.

ती गेली. निळा कुर्ता, मनगटावर शाईचा डाग. इतका राग असताना डाग दिसतो. ह्यानंच डोकं फिरतं.


गुरुवार, १३ नोव्हें.

काढलं. एका बैठकीत, पेन्सिल नाही, सरळ शाई. सर बारीक, काडीएवढे, आणि त्यांच्या हातातून सही निघालीये ती अजगराएवढी. वेटोळी घालत दुसऱ्यांच्या घरांत शिरते आणि भिंतीवरची चित्रं गिळते. पोटात चौकटींचे फुगवटे. सर त्या सहीवरच बसलेत, चष्मा पुसत.

काढताना हसत होतो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा व्यंगचित्राची कल्पना कुणी सांगितलेली नव्हती.

शनिवारच्या जागेसाठी पेपरला पाठवून दिलं, माझ्या मेलवरून. आता बघू दे लोकांना.


शनिवार, १५ नोव्हें.

छापलं.

सरांच्या नावानं छापलं.

अर्थातच. त्या चौकटीवर सरांचं नाव कायमचं बसवलेलं आहे आणि गेलं वर्षभर चित्रं माझ्याच मेलवरून जातात. त्यांनी नेहमीसारखं उचललं नि लावलं. खाली संपादकांची दोन ओळींची टीपसुद्धा: ह्या वयात स्वतःची इतकी निर्दय थट्टा करायला फार मोठं मन लागतं.

मोठं मन!

स्टेशनजवळच्या स्टॉलवर उभा राहून वाचलं. पेपर तिथंच फाडला. स्टॉलवाला म्हणाला, "अरे भाऊ, पैसे तरी देशील का नाय?"

दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपवर. कॉलेजमधल्या ज्या मास्तरनं मला सगळ्यांसमोर म्हटलं होतं की तुझी रेघ कच्ची आहे, आणि ज्याच्या तोंडावर मी ड्रॉइंग बोर्ड टाकून आलो होतो, त्यानंही टाकलंय. 'रेघ बघा. अशी रेघ आता कुणाला येत नाही.'

भिंतीवर डोकं आपटावं का हसावं. दोन्ही केलं नाही. छत बघत पडलो.


रविवार, १६ नोव्हें.

सरांचा फोन. जाईबाईनं लावून कानाशी धरला असणार, मागं तिचं चाललेलं ऐकू येत होतं, "बोला, बोला, उचलला."

'ओंकार, सकाळपासून फोन चालू आहेत. फार दिवसांनी इतकं चांगलं काढलं मी.'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'सहीचं पोट जरा जास्त फुगवलंस. एक चौकट कमी चालली असती.'

'ते तुम्ही आहात त्यात,' मी ओरडलो. 'कळलं का तुम्हाला? चोर म्हणून काढलंय मी तुम्हाला!'

'कळलं की. मी काय आंधळा आहे? हात गेलाय माझा.' 'मंगळवारी ये. अकरापर्यंत.'

आई विचारत होती, कुणावर ओरडलास. सांगितलं, राँग नंबर.


मंगळवार, १८ नोव्हें.

गेलो. जायचं नाही असं ठरवून, अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

घोड्यावर, म्हणजे ईझलवर, खाणीचं चित्र लावलेलं. कोपऱ्यातली सही नव्हती. के. नं टर्पेंटाइननं पुसून, वरनं ब्लेडच्या पातीनं खरवडून काढली होती, तिच्या नखांत पिवळं होतं. डोळे सुजलेले. मला बघून खिडकीकडं गेली.

सर म्हणाले, 'बस.'

बसलो नाही.

'मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पान उलटल्या उलटल्या. मी ही खाण पाहिलेली नाही. तिकडं गेलोच नाही कधी.'

'मग बोलला का नाहीत?'

'म्हटलं ना, छपाईत पिवळा हिरवट आलाय.' हसायला गेले, जमलं नाही. 'अरे, दोन वर्षं मी काही केलेलं नाही. ते पान बघितलं आणि वाटलं, हे माझं असतं तर. दोन मिनिटं वाटू दिलं. मग तू पुस्तक आपटलंस, आणि मग बोलायची हिंमत राहिली नाही. चोरच तो. बरोबर काढलंस.'

इतके दिवस मी ह्या वाक्याची वाट बघत होतो. बोलले तर जिंकल्यासारखं वाटेचना, आणि त्याचाही राग आला.

'केतकीनं पुस्तकवाल्यांना कळवलंय,' सर म्हणाले. 'चित्र राहील, शेवटच्या पानावर, तुझ्या नावानं. शनिवारचंही सांगून टाकू. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. पुस्तकासाठी परत फोटो काढायला माणूस बाराला येतोय. त्याआधी खाली नाव टाक.'

के. नं बारीक ब्रश पुढं केला. रंगही तिनंच कालवून ठेवला होता.

घेतला. कोपऱ्याशी वाकलो.

इतक्या जवळून मी ते चित्र वाळल्यापासून पाहिलंच नव्हतं. डोंगराची कापलेली कड. कोरडा ब्रश उजवीकडून ओढत आणायचा आणि शेवटी मनगट उचलायचं, म्हणजे रंग तुटतो. हे सरांचं. खालचा काळा पातळ करून ओघळू दिलाय. हेही त्यांचंच, त्यांनी मला पहिल्या पावसाळ्यात पडवीत करून दाखवलं होतं, हात जेमतेम चालत होता तेव्हा. डंपर म्हणजे तीन फटकारे. तिन्ही त्यांचे. मी वर वर सरकत शोधत गेलो. क्रशरचा पत्रा? नाही. आभाळ? सरांच्या कुठल्याही चित्रातलं कापून आणून लावावं असं.

जागा मी शोधली होती. धुरळा मी खाल्ला होता. खोकला माझा. पण रेघ...

'टाक ना,' के. म्हणाली. हळू. माझ्याशी इतकं हळू ती कधी बोलली नव्हती. खिडकीपासून माझ्यापर्यंत आली होती. तिलाही तेच दिसत होतं का? तिला तर दहा तारखेलाच दिसलं होतं. दुकानात, झेरॉक्सच्या आवाजात, तिनं सरळ सांगितलं होतं.

सर म्हणाले, 'काय रे, नाव विसरलास का?'

थट्टा नव्हती. मला मात्र पेटवायला तेवढं पुरलं.

'हे तुमचं आहे,' मी म्हटलं. 'घ्या. परत घ्या सगळं.'

'वेड्यासारखं करू नकोस.'

'वेड्यासारखंच करतोय. चौदा महिने!'

जाईबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. "आरं, भांडताय कशापायी? चित्र तं झ्याक हाय."

ब्रश ठेवला. पुसला नाही. रंग लाकडी टेबलावर गळला.

'ओंकार,' के. म्हणाली. 'कुठं चाललास? तो माणूस बाराला येतोय. काय सांगू त्याला?'

मला माहीत असतं तर सांगितलं असतं. तिच्याकडं बघितलं असतं तर थांबलो असतो, म्हणून बघितलं नाही.

सर मागून म्हणाले, 'जाऊ दे त्याला. दार लाव रे जाताना, कुत्रं आत येतं.'

लावलं. चौकट हादरेल इतक्या जोरात लावलं.