वाफेचं इंजिन, तेलाची बुधली आणि मेहुण्याचं कुलूप

मी, खाली सही करणारा, वय चोपन्न, व्यवसाय संस्कृत शिकवणे, पूर्ण शुद्धीवर राहून (या विधानावरची पत्नीची हरकत नोंदवून) हे लिहून ठेवतो.

आरंभी एक गंभीर तक्रार. माझी चोचीची तेलाची बुधली जागेवर कधीही सापडत नाही. सापडते ती शिवणयंत्रापाशी. जाब विचारला की उत्तर येतं, "तुमच्या इंजिनानं आजवर कुणाचा ब्लाउज शिवलाय?" सबब सदर बुधली पत्नीस देत आहे, ताबा आधीपासूनच तिचा आहे. राहतं घर व बँकेतली शिल्लकही तिचीच. त्यांबद्दल वाद नव्हता, बुधलीबद्दल होता.

माझ्या हातचं वाफेचं इंजिन, तांब्याच्या बॉयलरसह, मुलीस. पूर्वी खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनात वाफ सिलिंडरमध्येच गार पाणी मारून निववत. दर खेपेला तापलेलं लोखंड थंड व्हायचं, पुन्हा तापवायचं, कोळशाचे डोंगर फस्त व्हायचे. मग कुणाला तरी सुचलं: वाफ शेजारच्या भांड्यात नेऊन निववावी, सिलिंडर तापलेलाच राहू द्यावा. एवढंच! सूत्रग्रंथांत आयुष्य गेलं, पण इतकं लहान आणि इतकं प्रचंड सूत्र मला दुसरं भेटलं नाही. ते शेजारचं भांडं मी स्वतः ठोकलं. ते पुन्हा पुन्हा गळलं. ज्या दुपारी गळायचं थांबलं, त्या दुपारी मुलीनं चाकाला बोटानं पहिला धक्का दिला आणि इंजिनावरची आडवी तुळई डोलू लागली. पाणी आणि अग्नी, जन्माचे वैरी. त्यांच्या भांडणातून असं शांत डोलणं निघावं! आजही पाहताना मला चष्मा पुसावा लागतो. पत्नी म्हणते, वाफेमुळे. मी मान्य करतो.

मेहुण्यास पितळी कुलूप. इंजिन हळू चालतं म्हणून यानं माझी पाठ वळताच ते सुरक्षा-झडपेच्या दांडीवर टांगलं. जादा वाफेची बाहेर पडायची वाटच बंद. "जरा पळू दे की, भावोजी!" जुन्या काळी घाईतले इंजिनवालेही झडपेवर असंच वजन टांगत, आणि बॉयलर फुटून माणसं जात. मुलीनं चिमट्यानं कुलूप उचललं, झडप किंचाळली.

"मामा, कुलूप दाराला लावतात!"

एवढंच म्हणाली आणि विस्तव विझेपर्यंत खोलीत परत आली नाही. तरी मेहुण्यानं ते स्वतःच्या दाराला लावावं व इंजिनापासून चार हात दूर राहावं.

अट: इंजिन शोभेला कपाटात ठेवू नये, न चालवल्यास सिलिंडरमधला दट्ट्या गंजून अडकतो. आधी पाण्याची पातळी पाहावी, मग झडप उचलून पाहावी, मग विस्तव. विस्तव मुलीनेच पेटवावा.

(सही)

साक्षीदार: समोरचे घड्याळजी (इंजिन चालताना समक्ष पाहिले आहे). घरचे डॉक्टर (शुद्धीची खात्री केली, विनोदांची जबाबदारी घेत नाही).

ठिकाण: मागची खोली, इंजिनाशेजारी. दिनांक: माझ्या ऑपरेशनचा आदला दिवस.

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, म्हणून खरं ते इथे लिहितो. कुलपाच्या त्या दिवसापासून मुलीनं काडी ओढलेली नाही. चाकाला धक्का देते, पण विस्तव मलाच पेटवायला लावते. म्हणते, "तुम्ही आहात ना, बाबा." इंजिन तिला लिहून देता आलं. धीर कसा लिहून द्यायचा, ते मला कळत नाही.