चिंतामणवर पाळत

४ फेब्रुवारी १९७४, सोमवार

डायरी दिवाळीत आणली, लिहायचं मात्र राहून गेलं. आधी पेन सापडेना. मग थंडी. मग पाचगणीला एका हॉटेलात मॅनेजर झालो (ते वेटर म्हणायचे, पण सगळं बघायचो मीच), ती नोकरी सुटली. आता महिनाभर सांगलीत, चिंतामणच्या खोलीवर. खाली आकारामचं सायकलचं दुकान, वर आम्ही दोघे सातारकर. चिंतामण साखर कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क आहे. मी सध्या विचार करतो आहे.

संकल्प : डिटेक्टिव्ह विश्वंभरच्या सगळ्या जुन्या रहस्यकथा पहिल्यापासून परत वाचायच्या. शाळेत बाकाखाली धरून वाचल्या, त्यात मॅट्रिक हुकली. तेव्हा नुसत्या गोष्टी म्हणून वाचल्या होत्या, आता अभ्यास म्हणून. वर्षाअखेर स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी. बोर्ड इंग्रजीत.

६ फेब्रु.

पहिली कथा संपली. खुनी दुसऱ्या पानावरच ओळखला. शाळेत असताना शेवटपर्यंत कळला नव्हता. बुद्धी वाढली आहे.

चिंतामणनं जेवताना तेच पुस्तक चाळलं. जन्मात कधी रहस्यकथा न वाचलेला माणूस. भात कालवता कालवता म्हणाला, मुनीमच असणार रे, सगळे रडताहेत आणि हा कंदिलाची काच पुसतोय. बरोबर निघालं. नशीब, दुसरं काय. मला झोप लागली नाही. त्याला लगेच लागली.

९ फेब्रु., शनिवार

वाचनालयात क्षमा आली होती. विश्रामबागला राहते. मागे तिनं आपणहून विचारलं होतं, हे पुस्तक चांगलं आहे का हो? मी खुनी कोण, कसा सापडला, सगळं सांगून टाकलं, तिचा वेळ वाचावा म्हणून. तेव्हापासून बोलत नाही. लाजते.

आज चिंतामणशी मात्र हसून बोलत होती. कपाटाआड, बराच वेळ. काय चाललं होतं विचारलं तर म्हणतो, काही नाही रे, तुझ्याबद्दलच. सापडलेला गुन्हेगार नेहमी दुसऱ्याचं नाव पुढे करतो. विश्वंभर, कथा चौथी.

११ फेब्रु.

चिंतामणचं वागणं फारच संशयास्पद. दाढी करताना सहज विचारल्यासारखं विचारतो, अनंता, बुटांशिवाय तुझी उंची किती? सांगितली नाही. संध्याकाळी म्हणतो, स्टुडिओत जाऊन एक नीट फोटो काढून घे. डिटेक्टिव्हनं आपला चेहरा बाजारात फिरू देऊ नये. साफ नकार. मग म्हणतो, चोवीस तारखेच्या रविवारी कुठं भटकू नकोस, शर्ट धुऊन ठेव, घरीच थांब.

मी घरात, म्हणजे हा बाहेर मोकळा. उघड आहे.

१३ फेब्रु.

पाळत सुरू. चिंतामण ऑफिसातून सुटल्यावर मागे निघालो. वाटेत एका विहिरीत रेडकू पडलं होतं. माणसं जमली होती, दोर कुठं बांधावा यावर एकमत होईना. मी थोडं मार्गदर्शन केलं. रेडकू निघालं. चिंतामणही निघून गेला होता.

१४ फेब्रु.

आज सोडला नाही. विश्रामबाग. क्षमाचं घर. व्हरांड्यात चिंतामण खुर्चीवर, बिनदिक्कत. काळी टोपी घातलेले तिचे मामा त्याच्या पाठीवर थाप मारतात, क्षमा स्वतः पोहे आणते. वर ओलं खोबरं. मी कुंपणाबाहेर मेंदीच्या आड. डास भयंकर.

मला मत्सर अजिबात नाही. डिटेक्टिव्हला तो परवडत नाही. पण दुसऱ्यांदा पोहे घ्यायचं काही कारण नव्हतं.

१६ फेब्रु., शनिवार

केस निकाली.

सकाळपासून दुकानासमोर हरिबाच्या चहाच्या टपरीवर वेषांतर करून बसलो होतो. गांधी टोपी, काळा चष्मा. आकाराम समोरून जाताना म्हणाला, आवं अनंतराव, ऊन न्हाई आन चष्मा कशाला? असे अडथळे यायचेच.

तो गेला आणि क्षमाचे मामा टपरीत शिरले. हरिबाला हळूच विचारतात, त्या सायकल दुकानाच्या माडीवर दोन मुलं राहतात ना, त्यातल्या एकाची जरा चौकशी होती. मी लगेच सरकून जागा दिली. म्हटलं, मी लिमये (वेषांतराला खोटं नाव लागतंच), शेजारीच असतो, विचारा. मामा म्हणाले, नाव घेत नाही, नाजूक मामला आहे, तुमच्या लक्षात आलं असेलच. आलंच होतं. पोहे कुणी खाल्ले ते काय मला माहीत नाही?

विश्वंभर सांगतो, खोटं पचायला हवं असेल तर तपशील खरे वापरावेत. चिंतामणचे वाईट तपशील ऐन वेळी आठवेनात. मग माझेच त्याच्यावर घातले. नोकरी टिकत नाही. मॅट्रिक नाही. उन्हं अंगावर येईपर्यंत झोपतो. कधी उठून कुठं जाईल नेम नाही, एकदा जतला मेंढरांमागे गेला तो महिनाभर पत्ता नाही. मामांचा चेहरा उतरत गेला.

मग म्हणाले, आणि दुसरा? मी म्हटलं, दुसरा म्हणजे हिरा. वेळेवर ऑफिस, घरी मनीऑर्डर, कुणाशी वाकडा शब्द नाही. मामांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. लिमये, उपकार झाले, म्हणाले. चहाही त्यांनीच पाजला.

आता फक्त वाट पाहायची.

२० फेब्रु., बुधवार

लिहावंसं वाटत नाही. थोडक्यात लिहितो.

चिंतामण ऑफिसातून आला तो चप्पल न काढताच बसला. म्हणाला, अनंता, रविवारचं फिसकटलं. कसलं फिसकटलं विचारलं, तर सगळं बाहेर आलं. वाईहून माझ्या आईनं त्याला गळ घातली होती. क्षमाला मागणी. माझ्यासाठी. मागच्या वर्षी मुलगी बघायचं ठरलं तेव्हा मी जतला पळालो, म्हणून या वेळी रविवारपर्यंत मला कळू द्यायचं नव्हतं. क्षमा तयार होती. तो खुनी सांगणारा ना, म्हणाली होती, आधीच सगळं सांगून टाकतो, बरं आहे, चालेल.

आणि मग गल्लीतल्या कुणीतरी मामांचे कान भरले. चिंतामण म्हणतो, वाईट याचं वाटतं रे, की एकही गोष्ट खोटी नव्हती. कोण असेल तो हलकट?

मी म्हटलं, तपास करू.

आकारामवर संशय घेता येईल. त्याला जतचं माहीत आहे.

२१ फेब्रु.

आकाराम निर्दोष आहे.

२४ फेब्रु., रविवार, संध्याकाळ

शर्ट धुतलेला होता, घातला. वाया कशाला घालवायचा. चिंतामण सकाळपासून माझी समजूत काढतोय, दुसरी बघू, तुला काय तोटा आहे. चांगला माणूस आहे. तेच सहन होत नाही.

विश्वंभर शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत जमवून गुन्हेगाराचं नाव सांगतो. मी निदान चिंतामणला सांगणार आहे. आजच. चहा झाला की.

चहा झाला. जरा अंधार पडू दे.

खालून आकाराम हाका मारतोय. चिंतामणराव हाईत का वर? विश्रामबागचं मामा आल्यात, संगं पोरीचं वडील. पोरीचा फोटू आन पत्रिका घिऊन आल्यात, तुमास्नीच इचारत्यात. आन लिमये म्हणून कोण हाईत म्हणं, त्यांचं लय आभार मानायचं हाय. मी म्हटलं, लिमये हितं कोण न्हाई, पर दोघंबी वर हाईत, चला की.

जिना वाजतोय.