माप लक्षात आहे

आई, कालपासून माझं कशातच लक्ष लागत नाही. दुकानात उभी राहते, पुन्हा बसते, फोन उचलते आणि पालथा ठेवते. बारामतीत आता आपलं काचेची कपाटं असलेलं बांगड्यांचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक फोनवरच जास्त भेटतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, फोनमधून हात कसा येतो गं? येतो. बायका हाताचे फोटो पाठवतात. मी "घ्या, घ्या" कधीच करत नाही, ते तुझ्याकडूनच शिकले. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन तू बावड्याच्या गल्ल्यांतून फिरायचीस, पण निम्मा वेळ गप्पांतच जायचा. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या लेकीचं जमलं. बांगड्यांचा विषय बायकाच काढायच्या. मीही कुणाच्या डोहाळजेवणाचा फोटो दिसला की चार शब्द लिहिते, बांगडीचं नाव काढत नाही. नागपंचमी आली की मात्र सगळ्यांना एकच मेसेज टाकते आणि प्रत्येकीचं नाव फोन आपणहून घालतो. "ताई, तुमच्या हाताचं माप आमच्या लक्षात आहे. या बांगड्या भरायला." मला वाटायचं, किती गोड लिहिलंय.

यंदा तो कळसच्या एका ताईंनाही गेला. त्यांचे मालक उन्हाळ्यात वारले, हे मला ठाऊकच नव्हतं. उत्तर आलं, "तुमाला कळलं न्हाय व्हय?" एवढंच. मी मेसेज काढून टाकला, पण त्यांनी वाचलेला मी काय काढून टाकणार? तुला पाटी घेऊन गावात शिरण्याआधीच वेशीवर सगळं कळायचं. माझ्याकडं शेकडो बायकांचे नंबर आहेत आणि वेस नाही.

मग तू आठवलीस. मी लहान आहे, तुझ्या पदराला धरून चालतेय. अशाच एका घरापाशी तू थांबतेस, पाटी शेजारच्या ओट्यावर ठेवतेस आणि आत जाऊन त्या बाईचा हात हातात घेऊन बसतेस. बाहेर आल्यावर मी विचारते, इथं आपलं काय काम होतं? तू माझ्यावर खेकसतेस, "बांगड्या न्हाईत म्हून बाईला हात न्हाईत व्हय?" त्या खेकसण्याला मी अजून भिते.

म्हणून काल दुकान बंद केलं आणि एसटीनं कळसला गेले. पिशवीत चहा-साखर, बांगडी एकही नाही. ताईंनी पाणी दिलं, चहा टाकला. मी माफी मागायला लागले, मेसेज चुकून गेला म्हणाले. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"राग त्याचा न्हाय आला. आधी नाव वाचून बरं वाटलं हुतं. म्हटलं, ठावं असून बोलावतीय ही बाई. मग जावंनं तिचा मेसेज दावला. त्योच हुता, नाव तेवढं येगळं."

मला धड मान वर करता येईना. त्या माझ्या पिशवीकडं बघत होत्या. भरायला काय आणलं नाही का, असं त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हणाले. तुझी शहाणी लेक तुझ्यासारखी पाटी बाहेर ठेवून गेली होती ना! ताईंनी हात पुढं केला.

"माप तरी घ्या. ध्यानात हाय म्हणला हुतासा."

तू करायचीस तसा मी त्यांचा अंगठा आत मुडपला, हाडं दाबून बघितली. काही कळेना. माप फोनमध्ये होतं आणि फोन काढायची लाज वाटली. कळत नाही, असं सरळ सांगून टाकलं. तेव्हा त्या हसल्या, म्हणाल्या, मग दोन-तीन मापांच्या घेऊन या, बसतील त्या भरू.

उद्या जाणार आहे. फोनमधलं माप मी अजून बघितलेलं नाही, बघणारही नाही. पण बांगड्या निवडताना मघापासून हात थांबतोय. तुझ्या बांगड्या तू स्वतःच भरायचीस, तुला कुणी लागायचं नाही. एवढी कासारणीची लेक मी, पण तुझा हात मी मापासाठी कधी हातात घेतलाच नाही.