कानात आणि पोटात

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, राहणार पाण्याच्या टाकीमागची गल्ली, शेवटून तिसरं घर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. गल्लीत मला सगळे मावशी म्हणतात. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, मागची मोरी आणि वरचा पत्रा, माझ्या एकुलत्या एक लेकीला द्यावं. पत्रा जावयांनी स्वखर्चाने बदलून दिला, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तरी घर लेकीच्या एकटीच्या नावावर राहील. जावई समजूतदार आहेत, रागावणार नाहीत. रागावले तर दोन दिवसांत उतरेल.

कलम २. शिलाई मशीन समोरच्या शेजारणीला द्यावं. पायडल डावीकडे ओढतं, हे तिला ठाऊक आहे. मोठी कात्री मात्र तिला देऊ नये. तिला कात्रीने कागद कापताना मी तीनदा पकडलं आहे. कात्री लेकीकडे राहावी.

कलम ३. लेकीबद्दल एक गोष्ट आजवर कोणाला सांगितली नाही, ती इथे नोंदवते. ती दोन वर्षांची असताना तिचे दोन्ही कान वाहू लागले. दवाखान्यातून दोन बाटल्या मिळाल्या. दोन्ही तपकिरी, दोन्ही बोटभर उंच. एक पोटात द्यायची, एक कानात घालायची. औषधाच्या खिडकीवर ही गर्दी. मी कंपाउंडरना विचारलं, “दादा, कुठलं कुठे?”

“लिहिलंय त्याच्यावर. चला, पुढे व्हा.”

मला एक अक्षर येत नव्हतं. गल्लीत चार घरी बाटल्या दाखवल्या. बायकांपैकी कोणालाच वाचता येईना, पुरुष कामावर गेलेले. माझे मालक ट्रक घेऊन आठ दिवसांच्या फेरीवर. मग मीच डोकं चालवलं. एक औषध घट्ट होतं, तेलासारखं. ते कानात घातलं. दुसरं पातळ होतं. ते चमच्याने पाजलं. नऊ दिवस दिलं, एकही वेळ चुकवली नाही. उजवा कान कायमचा गेला, डावा निम्मा उरला. लोकांना मी सांगितलं की तापात कान गेले. लेकीलाही तेच सांगत आले. ते खोटं आहे. तो माझ्या हातून घडलेला ~~गुन्हा~~ आहे, आणि घर देऊन त्याची भरपाई होत नाही हे मला कळतं.

कंपाउंडर आता हयात नाहीत. त्यांना मी माफ केलं असं लिहायला घेतलं होतं, पण मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात. निम्मं केलं आहे.

कलम ४. माझी निळी रजई दवाखान्यातल्या जुन्या सिस्टरना द्यावी. त्या आता पुतण्याकडे असतात आणि त्यांना फार थंडी वाजते. दहाव्या दिवशी मी पोरीला परत नेलं तेव्हा त्याच ड्युटीवर होत्या. त्यांनी बाटली उचलली. “हे कुठे घातलंस?”

“कानात.”

“अगं, पोटातलं आहे हे! लिहिलंय ना ठळक?”

“लिहिलं असेल, बाई. मला काय कळतंय त्यातलं?”

त्या ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्या ओरडल्या नाहीत. पोरीचे कान साफ केले, औषध बदललं आणि म्हणाल्या, “उद्यापासून माझी ड्युटी संपली की येत जा. तुला वाचायला शिकवते.”

ड्रेसिंगच्या खोलीत, जुन्या केसपेपरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, अकरा महिने त्यांनी मला शिकवलं. माझे पहिले दोन शब्द ‘कानात’ आणि ‘पोटात’. त्यांनी एक पैसा घेतला नाही. मी एक झगा शिवून दिला, तो त्यांना घट्ट झाला, तरी घालायच्या.

मग बायका बाटल्या घेऊन माझ्या मशीनपाशी येऊ लागल्या. मी वाचून सांगायची. विसरू नये म्हणून तीन कप्प्यांच्या पिशव्या शिवल्या: एका कप्प्यावर उगवता सूर्य भरलेला, दुसऱ्यावर डोक्यावरचा, तिसऱ्यावर चंद्र. माझ्या माहितीत, तेव्हापासून या गल्लीत औषधाच्या घोटाळ्याने एकही मूल अधू झालेलं नाही. याचं श्रेय सिस्टरना आहे, असं मी लिहून ठेवते.

कलम ५. बाबांची खुर्ची माझ्या धाकट्या भावाला द्यावी. बाबांनी त्याला शाळेत घातलं आणि मला घरी ठेवलं, कारण कोणीतरी धाकट्यांना सांभाळायला हवं होतं. हा राग मी बरीच वर्षं पोसला. भाऊ शिकून पाणीखात्यात साहेब झाला. एके वर्षी पाणी दूषित झालं. टाकीवर खात्याने पानभर सूचना चिकटवली. मला वाचता येत असूनही तिच्यातलं एक वाक्य कळेना. पलीकडच्या वस्तीत तोवर मुलं जुलाबाने आडवी झाली होती. मी तो कागद फाडून घेतला आणि तडक त्याच्या ऑफिसात गेले.

“हे कोणी लिहिलंय?”

“मी. का गं, ताई?”

“‘शुद्धीकरण प्रक्रियेतील तांत्रिक व्यत्ययास्तव’ म्हणजे काय रे?”

“म्हणजे पाणी उकळून प्या.”

“मग तेवढंच लिहायला तुझा हात मोडला होता का? आणि ज्यांना तेवढंही वाचता येत नाही, त्यांनी काय करायचं?”

ऑफिसातले सगळे बघत होते. तो लालबुंद झाला. पण तासाभरात त्याने रिक्षा मागवली, भोंगा बांधला आणि मला आत बसवलं. “तूच बोल, तुझं त्यांना कळेल.” दोन दिवस आम्ही वस्त्या पालथ्या घातल्या. आठवडाभरात आजार ओसरला. परत येताना तो म्हणाला, “ताई, तू घरी राहिलीस म्हणून मी शाळेत गेलो. हे मला आज कळतंय. शिकायला तूही हवी होतीस.” त्या दिवसापासून त्याच्यावर माझा राग नाही. खुर्चीचा एक पाय त्याने दुरुस्त करून घ्यावा.

कलम ६. बँकेतली शिल्लक शेजारणीच्या नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी वापरावी. तिच्या आजीचा विचार तिचं लग्न करून देण्याचा आहे. आजीबाई, मशीन देते आहे ना तुला? मग पोरीला शिकू दे.

कलम ७. मंगळवारी आणि शुक्रवारी पुढची खोली उघडी ठेवावी. लेक दवाखान्यातली औषधाची खिडकी सांभाळते. तिथून आली की बाटल्या वाचून दाखवेल, आणि ज्या बायांना स्वतः वाचायचं असेल त्यांना शिकवेल. तिचा आवाज जरा चढा आहे. कोणी हसू नये.

खुलासा. सही करण्याआधी मी हे कागद लेकीच्या हातात दिले. तिने कलम ३ दोनदा वाचलं. मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते. ती म्हणाली, “तेव्हा तुला वाचता येत होतं?”

“नाही.”

“शिकवलं होतं कोणी?”

“नाही.”

“मग हा शब्द इथे कशाला?” तिने पेन उचललं आणि तो शब्द खोडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात खाडाखोड केली तर तिथे सही लागते. म्हणून नोंदवते की कलम ३ मधील एक शब्द माझ्या लेकीने खोडला असून तो खोडण्यास माझी संमती आहे. समासात तिची सही आहे, तिच्याखाली माझी.

सही: मावशी (शिवणकामवाल्या)

साक्षीदार:
१. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली
तारीख: चौदा, गुरुवार, सकाळचे साडेअकरा